चार्टवर न चढलेली गाणी: श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

३ जून

वाचनालयाचा होकार आला. ऑगस्टअखेरीस वरचं सभागृह दोन तास आपल्याकडे. विषय पक्का: सत्तरच्या दशकात सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी) म्हणून निघालेली आणि अमेरिका-ब्रिटनच्या मुख्य चार्टवर, म्हणजे लोकप्रियतेच्या साप्ताहिक क्रमवारीत, न आलेली इंग्रजी पॉप गाणी. रेकॉर्ड्स बव्हंशी काकांच्या कपाटातल्या, आवाजाचं काम भाच्याकडे, निवड आणि निवेदन माझ्याकडे.

निवडीच्या तक्त्यात गाणं, गायक, साल, कंपनी हे रकाने आहेतच. त्यात एक रकाना वाढवला आहे: 'का चुकलं?' तो भरल्याशिवाय गाणं यादीत जाणार नाही. अशा गाण्यांविषयी बोलताना दोनच वाक्यं ऐकू येतात, 'नशीब नव्हतं' आणि 'काळाच्या पुढचं होतं'. दोन्ही निवेदनातून बाद. चांगलं गाणं पडतं तेव्हा त्याला कारण असतं. बहुतेकदा ते गोदामात, कराराच्या कागदात नाहीतर रेडिओ केंद्राच्या टेबलावर सापडतं, आणि ते नाव घेऊन सांगता येतं. या सत्रात मला तेच करायचं आहे.

९ जून

चार्ट बनतो कसा, हे श्रोत्यांना आधी सांगावं लागेल. नाहीतर 'चार्टवर नाही' म्हणजे 'कुणाला आवडलं नाही' असा अर्थ घेतला जाईल.

ब्रिटनमध्ये १९६९ पासून अधिकृत चार्टचं काम ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरोकडे होतं. देशभरातली सुमारे तीनशे दुकानं निवडलेली. दुकानदाराने विकलेली प्रत्येक सिंगल वहीत लिहायची आणि आठवडा संपला की वही टपालात टाकायची. मंगळवारी दुपारी बीबीसीच्या रेडिओ वनवर निकाल. १९७१ च्या सुरुवातीला टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा पन्नास गाण्यांचा चार्ट चाळिसांवर आला. १९७८ साली तो पंचाहत्तरांचा झाला. म्हणजे १९७७ साली साठाव्या क्रमांकाइतकं विकलं गेलेलं गाणं इतिहासात 'चार्टवर नाही' म्हणूनच नोंदलं जातं.

अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या मुख्य चार्टसाठी दुकानांचा अहवाल आणि रेडिओवरचं वादन दोन्ही धरलं जायचं. दुकानदार कोणती रेकॉर्ड पहिली, कोणती दुसरी एवढा क्रम सांगायचे. खरी विक्री यंत्राने मोजायला १९९१ उजाडलं. तोवर रेडिओने वाजवलं नाही तर लोक मागत नाहीत, लोकांनी मागितलं नाही तर दुकानदार माल ठेवत नाही, आणि दुकानात माल नाही म्हणून रेडिओही वाजवत नाही. या फेऱ्यात कुठेही एक कडी तुटली की गाणं संपलं.

निवेदनात याला पाच मिनिटं. त्याहून जास्त नको, लोक गाणी ऐकायला येणार आहेत.

१५ जून

सगळा दिवस बिग स्टारवर गेला. सत्राचा कणा हाच.

मेम्फिसमधला चौघांचा गट: ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल, जोडी स्टीफन्स. नाव घेतलं ते स्टुडिओसमोरच्या किराणा दुकानावरून. यातला चिल्टन सोळाव्या वर्षीच अव्वल क्रमांकावर जाऊन आला होता. १९६७ मध्ये बॉक्स टॉप्सचं 'द लेटर' चार आठवडे अमेरिकेत पहिलं होतं, आणि तो भरड, मोठ्या माणसासारखा आवाज याचा. त्यामुळे बिग स्टारला 'होतकरू, अननुभवी पोरं' म्हणता येत नाही. चार्टवर गाणं कसं चढतं, हे त्यातल्या एकाने आतून पाहिलं होतं.

पहिला अल्बम १९७२ चा. जॉन फ्रायच्या आर्डेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण, कंपनीही आर्डेंट, वितरण मात्र स्टॅक्सकडे. स्टॅक्स म्हणजे मेम्फिसची सोल संगीताची, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय गाण्यांची मोठी कंपनी. ऑटिस रेडिंग, आयझॅक हेस विकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गोऱ्या पोरांचा गिटार-पॉप कोणत्या दुकानात ठेवायचा, हे तिच्या विक्रेत्यांना ठाऊक नव्हतं. समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. ते वाचून लोक दुकानात गेले, तर दुकानात रेकॉर्ड नाही. विक्री दहा हजारांच्या आतच राहिली.

पुढे स्टॅक्सने वितरण कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीला दिलं. हा करार कोलंबियाच्या क्लाइव्ह डेव्हिसने केला होता, आणि मे १९७३ मध्ये त्यालाच कंपनीतून काढलं. मागे राहिलेल्यांना या करारात रस नव्हता. बिग स्टारचा दुसरा अल्बम 'रेडिओ सिटी' फेब्रुवारी १९७४ मध्ये आला तो नेमका या भांडणात. त्यातलीच सिंगल 'सप्टेंबर गर्ल्स'. डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्स दिवाळखोरीत गेली.

आता गाणं. पावणेतीन मिनिटांचं. काकांकडे मूळ सिंगल नाही (ती असती तर काकांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली असती), नंतरच्या पुनर्मुद्रणावर काम भागवतो आहोत. सुरुवातीचे गिटारचे स्वर असे लखलखीत, की स्पीकर जरा जरी कर्कश असेल तरी कानाला टोचतील. भाच्याला सांगितलं, वरच्या पट्टीचा आवाज सभागृहात जाऊन तपासायचा. ड्रम्सकडे लक्ष दिलं तर गाण्याचं खरं बळ कळतं. चिल्टनचा आवाज दुखावलेला, जरासा रेंगाळणारा. खाली जोडी स्टीफन्स मात्र त्याला कुठेही बसून राहू देत नाही.

हे गाणं 'काळाच्या पुढचं' तर नव्हतंच, मागचं होतं. १९७४ साली लांबलचक गिटारवादनाची आणि बारा मिनिटांच्या गाण्यांची चलती होती. यांनी १९६५ चा ब्रिटिश पॉप घेऊन बसावं, हे तेव्हा जुनाट वाटलं असेल. निवेदनात हे ठासून सांगायचं.

'का चुकलं?' रकान्यात लिहिलं: दुकानात पोचलं नाही.

२२ जून

१९७४ चं साल तक्त्यात वारंवार येतं आहे, त्याचं एक कारण संगीताबाहेरचं. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर व्हिनाइलचा कच्चा माल महागला आणि तुटला. ब्रिटनमध्ये १९७४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज. यंत्रं कमी चालणार म्हटल्यावर आधी कुणाची रेकॉर्ड छापायची, तर जिची विक्री ठरलेली तिची.

याच काळातल्या ब्रिटिश ग्लॅम रॉकच्या, म्हणजे चमकदार कपड्यांतल्या दणदणीत रॉकच्या, कितीतरी सिंगल्स अशा वाहून गेल्या. संग्राहकांनी त्यांना पुढे 'जंकशॉप ग्लॅम' असं नावच दिलं, कारण त्या भंगार-जुनं विकणाऱ्यांच्या खोक्यांत मिळायच्या. यातला स्कॉटलंडचा आयर्न व्हर्जिन हा गट घेतला. पॉल मॅकार्टनीच्या 'जेट'ची आपली आवृत्ती यांनी काढली, तर मॅकार्टनीच्या विंग्ज या गटानेच ते गाणं सिंगल म्हणून बाजारात आणलं. मुळातलं मिळत असताना नक्कल कोण घेणार? यांचं स्वतःचं 'रेबल्स रूल' त्याच वर्षी आलं. दणदणीत आहे, सत्रात दुसऱ्या क्रमांकाला वाजवायचं. लोकांना खुर्चीत ताठ बसवेल.

६ जुलै

काकांनी आज अमेरिकन रेडिओ-प्रतींचं खोकं उघडलं. या प्रती कंपन्या रेडिओ केंद्रांना फुकट पाठवायच्या; लेबलवर 'विक्रीसाठी नाही' छापलेलं. त्यात बीच बॉईजची १९७० ची सिंगल निघाली: 'स्लिप ऑन थ्रू', मागे 'धिस होल वर्ल्ड'. साठच्या दशकात अमेरिकेचा सगळ्यात लाडका गट, आणि ही सिंगल हॉट १०० मध्ये कुठेच नाही. ज्या 'सनफ्लॉवर' अल्बममधली ती आहे, तो अमेरिकेत १५१ व्या क्रमांकावर अडकला.

तबकडी दिव्याखाली तिरकी धरून काकांनी दाखवलं. "हे बघ, अगदी सुरुवातीला, गाणं जिथे उठतं तिथे. पांढुरका पट्टा दिसतोय?" दिसत होता, केसाएवढा. रेडिओवरचा निवेदक गाणं बरोबर हव्या त्या क्षणी सुरू व्हावं म्हणून सुई पहिल्या स्वरावर ठेवतो आणि तबकडी हाताने पुढे-मागे हलवून जागा पक्की करतो. त्या घासण्याने तिथली खाच झिजते. अमेरिकेतल्या बऱ्याच सिंगल्स व्हिनाइलऐवजी स्टायरीनच्या असत, आणि स्टायरीन लवकर खराब होतं. सुई ठेवली. पहिल्या क्षणाला खरखर, मग एकदम स्वच्छ, आणि डेनिस विल्सनचा तो झोकून दिलेला आवाज. गटाचा ड्रमर हा, गाणंही त्यानेच लिहिलेलं.

म्हणजे कुठल्यातरी केंद्रावर कुणीतरी ही पुष्कळदा लावली होती. एका निवेदकाला ती आवडली होती! तरीही पुढे काही घडलं नाही, कारण १९७० मध्ये बीच बॉईज हे नाव तरुण श्रोत्यांच्या लेखी शिळं झालं होतं. पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, समुद्र, मोटारी. व्हिएतनामच्या दिवसांत हे कुणाला हवं होतं? गाणं बदललं होतं, पण लोक लेबलवरचं नाव वाचून पुढे जात होते.

बी साइड, म्हणजे मागची बाजू, कोरी निघाली, खरखर नाही, पट्टा नाही. तिच्यावर बहुधा सुई टेकलीच नव्हती. आणि 'धिस होल वर्ल्ड' म्हणजे ब्रायन विल्सनची दोन मिनिटांच्या आतली रचना, जिच्यात पट्टी इतक्यांदा आणि इतक्या सहज बदलते की पेटी घेऊन बसलं तरी बोटं चुकतात. कार्ल विल्सन ते असं गातो, जणू यात अवघड काहीच नाही. माझ्या मते बीच बॉईजच्या पहिल्या पाचांत बसणारं गाणं.

दोन्ही बाजू वाजवायच्या. भाचा म्हणाला, "मावशी, सुरुवातीची खरखर सॉफ्टवेअरने काढतो." नको म्हटलं. ती तशीच ऐकवायची आणि मग कशाची ते सांगायचं.

१४ जुलै

लंडनची स्टिफ रेकॉर्ड्स. डॉ. फीलगुड गटाच्या ली ब्रिलोकडून ४०० पौंड उसने घेऊन सुरू झालेली कंपनी. ऑगस्ट १९७६ मधली पहिली सिंगल निक लोची 'सो इट गोज', तिचा ध्वनिमुद्रणाचा खर्च ४५ पौंड. चार्टवर नाही. १९७७ मध्ये एल्व्हिस कॉस्टेलोच्या पहिल्या तीन सिंगल्स याच कंपनीने काढल्या, त्याही नाहीत, आणि त्यातली एक होती 'ॲलिसन'. पण 'ॲलिसन' आज साऱ्या जगाला पाठ आहे, म्हणून यादीबाहेर. निक लो आत.

द ओन्ली वन्सचं 'अनदर गर्ल, अनदर प्लॅनेट' (१९७८) मात्र कुठल्याही वादाशिवाय आत. इथे लहान कंपनीचं कारण चालत नाही, मागे सीबीएस ही बडी कंपनी होती. पंकच्या, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड, बंडखोर रॉकच्या लाटेत हे लोक पंक म्हणून विकले गेले, पण त्यांचा ड्रमर माइक केली स्पूकी टूथ या जुन्या रॉक गटातून आलेला मुरलेला वादक, गिटारवर जॉन पेरी, आणि पीटर पेरेट गायचा ते अर्ध्या झोपेतून उठल्यासारखं. पंकवाल्यांना हे फार सफाईदार, इतरांना फार उनाड. गायक तोंड उघडेपर्यंत गिटारच बोलत राहते, आणि रेडिओला असा उशीर सोसत नाही. १९९२ मध्ये पुन्हा काढल्यावर ते ब्रिटनमध्ये ५७ व्या क्रमांकावर आलं. चौदा वर्षांनी.

२३ जुलै

दोन गाणी अशी, की त्यांची मूळ आवृत्ती पडली आणि दुसऱ्याने उचलून वर नेली. पटकन उरकते.

'हँगिंग ऑन द टेलिफोन'. सगळे ब्लाँडी या अमेरिकन गटाचं समजतात. मूळ गाणं जॅक लीचं, त्याच्या द नर्व्हज या तिघांच्या गटाने १९७६ मध्ये स्वतः काढलेल्या चार गाण्यांच्या ईपीवरचं. कंपनी नाही, जाहिरात नाही. ब्लाँडीच्या डेबी हॅरीचा फोन आला त्या दिवशी संध्याकाळी सहाला घरची वीज आणि फोन दोन्ही तोडले जाणार होते, असं जॅक लीने पुढे सांगितलं आहे. ब्लाँडीची आवृत्ती ब्रिटनमध्ये पाचवी आली. नर्व्हजचं गाणं त्याहून रोडावलेलं आणि घाईचं आहे, बिल थकलेल्या माणसाने म्हणावं तसं. मला तेच खरं वाटतं.

'टेंटेड लव्ह'. ग्लोरिया जोन्सने साठच्या दशकात गायलेली बी साइड, तेव्हा कुणी विचारलं नाही. सत्तरीत जुन्या अमेरिकन सोल रेकॉर्ड्सवर नाचणाऱ्या उत्तर इंग्लंडच्या 'नॉर्दर्न सोल' क्लबांनी तिला डोक्यावर घेतलं. म्हणून १९७६ मध्ये ग्लॅम गायक मार्क बोलनच्या निर्मितीत तिने ते पुन्हा गायलं, आणि पुन्हा पडलं! १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीने गायलं, ब्रिटनमध्ये पहिलं. सत्रात १९७६ ची आवृत्ती.

२ ऑगस्ट

आशा पुथली. मुंबईची मुलगी. हे नाव घेतलं की सभागृहातले निम्मे लोक 'कोण?' म्हणतील, म्हणून तिला मध्यंतरानंतर लगेच ठेवली आहे, सगळे नुकते जाग्यावर बसलेले असताना.

हिंदुस्थानी संगीत आणि नृत्य शिकलेली. विमानकंपनीत हवाईसुंदरी म्हणून काम करून न्यूयॉर्कला गेली, नृत्याची शिष्यवृत्ती मिळवली. बिली हॉलिडे आणि बॉब डिलनला पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंडने तिला हेरलं आणि जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनकडे पाठवलं. कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' अल्बमवर दोन गाणी तिच्या आवाजात आहेत. जॅझ समीक्षकांनी डाउनबीट मासिकाच्या कौलात तिला गौरवलं. सीबीएसचा करार झाला, १९७३ मध्ये लंडनला पहिला पॉप अल्बम. पण हे अल्बम युरोपच्या शाखांतून निघत राहिले, अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत नीट पोचलेच नाहीत. राहायला न्यूयॉर्कमध्ये आणि रेकॉर्ड मिळते जर्मनीत, अशी तऱ्हा.

१९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज'मधलं 'स्पेस टॉक' वाजवणार. आमच्या नियमात ते नीट बसत नाही, कारण ते लोकांपर्यंत गेलं ते नाचाच्या जागांतून. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनक्यूसो त्याच्या 'द लॉफ्ट'च्या पार्ट्यांत ते लावायचा. तिथे चार्टसाठी वही लिहायला कुणी बसलेलं नव्हतं. १९९७ मध्ये नोटोरियस बीआयजी या रॅपरच्या गाण्यात त्याचा तुकडा वाजला. नियम मोडून घेते आहे, पण मुंबईत बसून हे सत्र करायचं आणि तिला वगळायचं, हे मला मान्य नाही.

ऐकताना काका थांबवून म्हणाले, "अगं, तो शेवटचा स्वर ऐक. मींड आहे ती." पुन्हा लावलं. स्वर तुटत नाही, वरून घसरत अलगद खाली येतो, आणि खाली डिस्कोचा ठेका चालूच. निवेदनात यावर व्याख्यान नको. फक्त ती जागा दोनदा ऐकवायची.

९ ऑगस्ट

ख्रिस बेल. हे निवेदन लिहायला सगळ्यात जड गेलं.

पहिल्या अल्बमची पडझड बघून तो बिग स्टारमधून बाहेर पडला. अल्बममध्ये त्याचा जीव होता आणि तो कुणी ऐकलाच नाही. भाऊ डेव्हिड त्याला युरोपात घेऊन गेला. मेम्फिसमध्ये मुद्रित केलेलं 'आय ॲम द कॉसमॉस' लंडनच्या एअर स्टुडिओत जेफ एमरिककडून मिक्स करून घेतलं. बीटल्सचा ध्वनियंत्री तो. ख्रिसच्या लेखी याहून मोठी गोष्ट नसणार. आणि मग काही नाही. कोणत्याही मोठ्या कंपनीने घेतलं नाही. तो परत येऊन वडिलांच्या उपाहारगृहाच्या धंद्यात काम करत राहिला. १९७८ मध्ये ख्रिस स्टेमी या तरुण संगीतकाराने कार रेकॉर्ड्स या आपल्या छोट्या कंपनीतून ते सिंगल म्हणून काढलं. ख्रिस बेलच्या हयातीत त्याच्या नावावर निघालेली ही एकच रेकॉर्ड. त्याच वर्षी २७ डिसेंबरला मोटार खांबावर आदळून तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

गाणं जड आहे. गिटार जणू पाण्याखालून येते, आवाज तिच्यावर ओरडत चढतो आणि मध्येच एकटा पडतो. बी साइड 'यू अँड युअर सिस्टर' अगदी उलट: ॲकूस्टिक गिटार, तंतुवाद्यं, आणि मागे साथीला चिल्टनचा आवाज. गट मोडून गेल्यावरही तो मित्रासाठी येऊन गायला होता.

या नोंदीत 'का चुकलं?' रकाना भरताना काकांशी वाद झाला. ते म्हणाले, "लिही की, छोटी कंपनी." मला ते पुरेसं वाटत नाही. कंपनी छोटी होती कारण मोठ्यांनी तीन-चार वर्षं दारात उभं केलं नाही, आणि ते केलं नाही कारण बिग स्टारचे विक्रीचे आकडे त्यांच्यासमोर होते. ते आकडे पडले कारण माल दुकानात गेला नव्हता. १९७२ च्या गोदामातली चूक १९७८ पर्यंत या माणसाच्या मागे आली. तसंच लिहिलं.

१७ ऑगस्ट

क्रम ठरला. 'सो इट गोज'ने सुरुवात, ग्लॅम दुसरं, मग बीच बॉईज, ओन्ली वन्स, नर्व्हज, 'टेंटेड लव्ह', मध्यंतर, आशा पुथली, 'सप्टेंबर गर्ल्स', शेवटी ख्रिस बेलच्या दोन्ही बाजू.

काकांनी गोव्याची गायिका लोर्ना हिची कोकणी गाणी घ्यायचा आग्रह धरला. ख्रिस पेरीच्या चाली, एचएमव्हीच्या रेकॉर्ड्स, तोच काळ. गाणी अप्रतिम आहेत यात शंकाच नाही. पण गोव्यात तिचं 'बेबदो' विसरलंय कोण? आणि कोकणी पॉपची मोजदाद करणारा चार्टच नव्हता, तर चुकणार कशावरून? तिला या यादीच्या शेपटाला बांधणं हा तिचा अपमान होईल. लोर्ना आणि ख्रिस पेरींना स्वतंत्र सत्र द्यायचं, पूर्ण दोन तासांचं. काका लगेच मानले नाहीत, पण चहा घेतल्यावर मानले.

भाच्याने सभागृहात स्पीकर लावून पाहिले. उजव्या कोपऱ्यात आवाज घुमतो. तिथे सतरंजी टांगायची.

३१ ऑगस्ट

सत्र झालं. सभागृह भरलं होतं, काही मुलं मागे उभी होती.

खरखरीची जागा ऐकवून ती कशी होते ते सांगितलं, तेव्हा लोकांनी ती पुन्हा लावायला सांगितली. 'स्पेस टॉक'च्या वेळी पुढच्या रांगेतल्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी त्या मींडेवर आपसूक हात वर केला. एका कॉलेजच्या मुलाने चांगला प्रश्न विचारला: आता सगळंच फोनवर मिळतं, मग आता गाणं कुठे अडतं? मी म्हटलं, याचं उत्तर तुम्हीच शोधा आणि पुढच्या वेळी माझ्याजागी बसून सांगा. तो तयार आहे, फोन नंबर घेतला.

ख्रिस बेलनंतर प्रश्नोत्तरं ठेवली होती, ती रद्द केली. 'यू अँड युअर सिस्टर' संपल्यावर लोकांनीच 'सप्टेंबर गर्ल्स' पुन्हा मागितलं, आणि वाचनालयाच्या ग्रंथपालांनी वेळ वाढवून दिला.

पुढची कामं: गाण्यांचा तक्ता 'का चुकलं?' रकान्यासह छापून वाचनालयाच्या फलकावर लावणे. काकांच्या खोक्यातल्या उरलेल्या रेडिओ-प्रती धुऊन नव्या पाकिटांत घालणे. लोर्नाच्या सत्रासाठी कोकणी नीट बोलणारं कुणीतरी निवेदनाला हवं. काकांच्या मडगावच्या मावसबहिणीला विचारायचं आहे.